‘लो साऊंड’ म्हणजे नक्की कसला आवाज?

रिपोर्टातली ती ओळ मला अजून पाठ आहे. इंग्रजीत होती आणि मीच लिहिली होती. मराठीत सांगायचं तर एवढीच : रात्री पावणेतीन वाजता चौकीच्या उत्तरेकडच्या उतारावर ‘लो साऊंड’ ऐकू आला, हालचाल दिसली नाही. वेळ बरोबर, दिशा बरोबर, स्पेलिंगसुद्धा बरोबर. कुणी त्या ओळीवर लाल शाई मारली नसती. पण दुसऱ्या दिवशी आमचा एक जवान छातीपर्यंत बर्फात गाडला गेला, त्यात त्या ओळीचा वाटा होता असं मी आजही मानतो.

जागेचं नाव आणि साल सांगत नाही. उत्तरेकडची एक उंच चौकी होती एवढं पुरे. मी तेव्हा नुकताच नायब सुभेदार झालो होतो. रात्रीच्या ड्युटीवर सांगलीकडचा एक पोरगा होता. टेलिफोनची लाइन बंद पडली म्हणून ती तपासायला तो उताराच्या कडेनं वीसेक पावलं गेला आणि परत येऊन मला म्हणाला, “साहेब, मघाशी खालनं आवाज आला. पेवावर पाय दिल्यागत. धप्प. आन् मग लांबवर पसरत गेल्यागत.”

पेव म्हणजे काय ते सांगली-हरिपूरकडच्या मंडळींना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. हळद साठवायला जमिनीत खोल खड्डा खणतात आणि वरून तोंड बंद करतात, ते पेव. वरून पाहिलं तर साधी जमीन, आत मात्र पोकळी. त्यावर पाय पडला की जो जाड, दबका आवाज येतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही.

मी त्याला विचारलं, “कुणी दिसलं का?” तो म्हणाला, “नाही.” मग मी आत जाऊन कंदिलाच्या उजेडात इंग्रजीत रिपोर्ट लिहिला. ‘खालनं’ आलेला जाड आवाज, म्हणून ‘लो साऊंड’. मला वाटलं, नेमका शब्द सापडला.

सकाळी कंपनी कमांडर साहेबांनी ती ओळ वाचली. त्यांनी ‘लो’चा अर्थ ‘हलका, बारीक आवाज’ असा घेतला, आणि इंग्रजीप्रमाणे तोही बरोबरच होता. हलका आवाज म्हणजे लांबचा किंवा किरकोळ. पेट्रोल ठरल्याप्रमाणे निघालं. पाच जण होते, मध्ये अंतर ठेवून चालले होते. तिसऱ्या माणसाच्या वरच्या बाजूला उतार फाटला. दोघं सावरले, एक गाडला गेला. गाडला गेलेला तोच सांगलीचा पोरगा. तोंड बर्फाच्या वर राहिलं म्हणून वाचला. फावड्यांनी काही मिनिटांत बाहेर काढला, पण गुडघा कामातून गेला. पुढे तो ‘लो मेडिकल कॅटेगरी’त गेला. या ‘लो’नं त्याचा पिच्छा तिथंही सोडला नाही.

संध्याकाळी आमच्याकडे बर्फाचं शिक्षण देणारे एक हिमाचली उस्ताद होते, त्यांना मी रात्रीची हकिकत हिंदीत सांगितली. जमिनीत पोकळी, त्यावर पाय, दबका आवाज, मग पसरत गेलेला. ते ऐकता ऐकता गप्पच झाले. थोड्या वेळानं म्हणाले, “साब, ये बात सुबह क्यों नहीं बताई?”

मी म्हटलं, “रिपोर्टमध्ये लिहिली होती ना.”

पण लिहिली नव्हती. तेच तर सांगायचं आहे.

बर्फाच्या थरांमध्ये एखादा कच्चा थर दबलेला असतो. वरून वजन पडलं की तो खचतो, आतली हवा दाबली जाते आणि खचण्याची लाट उतारभर पसरते. त्याचा जो खोल, दबका आवाज येतो त्याला हिमस्खलनाचा अभ्यास करणारे इंग्रजीत ‘व्हूम्फ’ म्हणतात. ऐकायला पोरखेळ वाटेल असा शब्द आहे, पण त्या शास्त्रात तो रीतसर वापरला जातो. तो आवाज आला की उतार सोडायचा, एवढं त्या एका शब्दात बसतं. आमच्या पोरानं व्हूम्फ हा शब्द कधी ऐकला नव्हता, बर्फही त्यानं त्याच वर्षी पहिल्यांदा पाहिला होता. तरी त्याचं वर्णन पुस्तकापेक्षा नेमकं होतं. त्या वर्णनाचं पीठ मी केलं आणि वर ‘लो’ असं लेबल लावलं.

आता या ‘लो’कडे जरा बघू. इंग्रजीत लो म्हणजे ठेंगणा, खालचा, कमी. आवाजाच्या बाबतीत त्याचे दोन अर्थ होतात आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. एक, हळू आवाज. दुसरा, खालच्या पट्टीतला, जाड आवाज. ‘लो व्हॉइस’मध्ये बोलणारा माणूस कुजबुजत असेल किंवा खर्जात गरजत असेल, शब्दावरून कळत नाही. म्हणून जाणकार इंग्रज ‘लो’च्या जोडीला ‘डीप’ घेतात. डीप म्हटलं की हळूचा प्रश्न मिटतो, जाडपणा तेवढा उरतो.

इंग्रजीला हसण्याआधी आपलं घरही बघू. ‘खालच्या आवाजात बोल’ म्हणजे हळू बोल, आणि ‘खालचा सा’ म्हणजे जाड सूर. ‘बारीक आवाज’ हळूही असतो, पातळही असतो. ‘मोठा आवाज’ म्हणताना तो जोराचा की जाड, हे आपणही सांगत नाही. म्हणजे खड्डा दोन्ही भाषांत आहे. फरक इतकाच, की आपल्या भाषेत माणूस पुढचा शब्द आपोआप जोडतो. धप्प, घुम्म, घरघर, गडगड, गुडगुड, दणदण. परक्या भाषेत तो पहिल्या शब्दावरच थांबतो, कारण त्याच्याकडे दुसरा नसतो.

जाड आवाज आणि हळू आवाज यांत फरक करायला सैनिकाला मोठं कारण आहे. गावाकडची जत्रा आठवा. मिरवणूक वेशीबाहेर असते तेव्हा आधी काय ऐकू येतं? फक्त ढोल. धम्म, धम्म. ताशाची तडतड मिरवणूक जवळ आल्यावर कळते. हवा बारीक, चिरके आवाज वाटेत लवकर खाऊन टाकते, जाड आवाज लांबवर पोचतात. वीज जवळ पडली तर कडाडते, लांब पडली तर नुसती गडगडते. म्हणजे आवाजाच्या पोतातच अंतराची माहिती असते.

बंदुकीच्या बाबतीत तर हे आम्हाला शिकवलेलंच असतं. आवाजापेक्षा वेगानं जाणारी गोळी जवळून गेली की आधी ‘क्रॅक’ ऐकू येतो, तो गोळीचा. मग ‘थम्प’, तो नळीचा. पहिला कोरडा, टोकदार. दुसरा जाड, बोथट. दोन्हींमधला वेळ मोजला की गोळी साधारण किती लांबून आली याचा अंदाज येतो. आणि गोळी मारणारा नक्की कुठं आहे हे क्रॅक नव्हे, थम्प सांगतो. नवा रंगरूट क्रॅकच्या दिशेनं मान वळवतो, जुना सैनिक थम्पची वाट बघतो. या दोन आवाजांना आपण ‘आवाज आला’ एवढंच म्हटलं असतं तर ही विद्याच जन्माला आली नसती. दोन वेगळे शब्द आहेत म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ऐकू येतात.

प्रमोशनच्या परीक्षेच्या वेळी आम्हाला इंग्रजीचे समानार्थी शब्द पाठ करायला लागायचे. माझ्या वहीत एका ओळीत लिहिलेलं होतं : रंबल, बूम, थड, ड्रोन, हम, ग्राउल, ग्रोन. समोर एकच अर्थ, ‘खोल आवाज’. सात शब्द एका दोरीत बांधले आणि मार्क मिळवले. पीटर रॉजे नावाच्या इंग्रज डॉक्टरानं 1852 मध्ये शब्दांचा जो प्रसिद्ध कोश छापला, त्यात त्यानं शब्द अर्थाप्रमाणे शेजारी शेजारी बसवले. पण शेजारी राहणारी माणसं म्हणजे एकच माणूस नव्हे. चाळीत राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

त्या सात शब्दांचं मी आता माझ्या पोरांना असं सांगतो :

थड हा एकदाच येतो आणि मागे काही ठेवत नाही. जड वस्तू मऊ जागी पडली, पोतं जमिनीवर टाकलं. आपलं धप्प किंवा धपकन.

बूमही एकदाच येतो, पण मागे घुमत राहतो. लांबची तोफ, खाणीतला सुरुंग. ज्याचा घुमारा दरीत फिरतो तो बूम.

रंबल चालू राहतो आणि खालीवर होत राहतो. ढगांचा गडगडाट, पुलावरून जाणारी मालगाडी, ट्रकांचा ताफा. वाळवंटात रणगाड्यांचा रंबल मी कानाआधी पायांनी ऐकला आहे.

हम चालू राहतो, पण सपाट. जनरेटर, ट्रान्सफॉर्मर. आपण गुणगुण म्हणतो, पण जाड हमला ‘घूं’च म्हणावं लागतं.

ड्रोन हमसारखाच, फक्त कंटाळा आणणारा. मूळ शब्द नर मधमाशीचा. आकाशात उडणाऱ्या ज्या यंत्राला आज शेंबडं पोरही ड्रोन म्हणतं, त्या नावातच मधमाशी आहे. सेंट्रीला आता या शब्दाचे दोन्ही अर्थ रोज लागतात.

ग्राउल गळ्यातून येतो. गुरगुर. त्यामागे जीव असतो आणि त्या जिवाला राग असतो.

ग्रोन म्हणजे ओझ्याखालचं कण्हणं. माणसाचं, लाकडी पुलाचं, रात्री गोठणाऱ्या बर्फाचं. पूल रंबल करतो तेव्हा वरून गाडी चाललेली असते. पूल ग्रोन करतो तेव्हा पुढची गाडी थांबवायची असते.

आता सांगा, हे सात शब्द समानार्थी आहेत का? सातांवर सात वेगळे हुकूम निघतात.

आसाममध्ये असताना जंगलाच्या कडेला आमचा कॅम्प होता. हत्तींच्या जाड आवाजालाही इंग्रजीत रंबलच म्हणतात. केटी पेन नावाच्या अमेरिकन संशोधक बाई 1984 मध्ये पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींपाशी उभ्या होत्या. कानाला विशेष काही ऐकू येत नव्हतं, पण हवेत थरथर जाणवत होती. लहानपणी चर्चमध्ये गाताना ऑर्गनच्या सगळ्यात जाड नळ्यांजवळ असंच वाटायचं, हे त्यांना आठवलं. तिथून शोध लागला, की हत्ती माणसाच्या कानाच्या खालच्या पट्टीत, 20 हर्ट्झपेक्षाही कमी कंपनांत, एकमेकांशी बोलतात. यंत्रं नंतर आली. आधी त्यांना ‘हे कशासारखं आहे’ ते आठवलं. पेवाची आठवण आणि ऑर्गनची आठवण, माझ्या लेखी दोन्हींची किंमत सारखी आहे.

दुसरी गोष्ट 1883 सालची. क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला तेव्हा हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे 4,800 किलोमीटरवर, तिथल्या पोलीस प्रमुखानं तो आवाज ऐकला. त्यानं नोंद काय केली? पूर्वेकडून, लांबून, मोठ्या तोफांसारखे आवाज येत आहेत. कारण त्याला ठाऊक नव्हतं, ठाऊक असणं शक्यही नव्हतं. पण आवाज कशासारखा, कुठून, किती वाजता, हे त्यानं लिहून ठेवलं. पुढे 1888 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्या स्फोटाचा मोठा अहवाल काढला, त्यात अशाच ठिकठिकाणच्या नोंदी कामाला आल्या. त्यानं ‘लो साऊंड’ एवढंच लिहिलं असतं तर त्या कागदाकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

मात्र ‘कशासारखा’ यात आणि ‘काय आहे’ यात गल्लत करून चालत नाही. एकोणिसाव्या शतकात बंगालच्या खाडीमुखाकडे, बारिसालच्या भागात, लांबून धडाम असे जाड आवाज यायचे. इंग्रजांनी त्यांचं नावच ‘बारिसाल गन्स’ ठेवलं. तिथं तोफा नव्हत्या. आवाज कशामुळे येत होते यावर आजही एकमत नाही, पण नावात तोफ कायमची अडकली. म्हणून मी पोरांना सांगतो, ‘तोफेसारखा’ लिहा, ‘तोफ’ लिहू नका. ‘सारखा’ हा शब्द खाऊ नका. रिपोर्टातला तो सगळ्यात प्रामाणिक शब्द आहे.

आता यावर माझे काही सोबती म्हणतात, “साहेब, फौजेत तमिळ आहे, नागा आहे, डोगरा आहे, मराठा आहे. प्रत्येकानं आपापल्या भाषेत पेव आणि ढोल लिहिले तर वाचणार कोण? इंग्रजी सगळ्यांना समजते म्हणून तर ती ठेवली आहे.” हे म्हणणं खरं आहे आणि मी ते उडवून लावत नाही. माझं इंग्रजीशी भांडण नाही. वर पाहिलंत, खोल आवाजासाठी त्या भाषेत एकाहून एक कामाचे शब्द आहेत. भांडण आहे ते आपण त्या भाषेतले मोजके शाळकरी शब्द घेऊन सगळं जग त्यात कोंबतो त्याच्याशी. लो, लाऊड, बिग, स्मॉल. एवढ्यावर नोकरी निघते, पण रात्र निघत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. धावपळीत कोण शब्द शोधत बसणार? खरं तर शोधावा लागतच नाही. जवानाच्या तोंडून तो आलेलाच असतो. आपण तो गाळतो, कारण तो आपल्याला गावंढळ वाटतो. त्या रात्री मला ‘पेव’ हा शब्द रिपोर्टात लिहिण्याची लाज वाटली होती. साहेब काय म्हणतील, असं मनात आलं होतं. हे कबूल केल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आवाजाची नोंद दोन ओळींत व्हावी. पहिली ओळ जवानाची, त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत, जशी तो बोलला तशी. लिपी देवनागरी असो की रोमन, फरक पडत नाही. दुसरी ओळ इंग्रजी, आणि तीत चार गोष्टी : आवाज एकदाच आला की चालू होता, घुमला की जागीच मेला, कानानं ऐकला की पायालाही जाणवला, आणि कशासारखा होता. ‘लो’ हा शब्द आवाजासाठी वापरायचाच नाही. हळू असेल तर ‘फेंट’ लिहा, जाड असेल तर ‘डीप’ लिहा. दोन्ही असेल तर दोन्ही लिहा. माझ्या हाताखाली जिथं जिथं रजिस्टर आलं तिथं मी हे सुरू केलं. वरून हुकूम नव्हता, पण कुणी अडवलंही नाही.

परवाचीच गोष्ट. आता मी मैदानी भागात आहे, बर्फ नाही, उतार नाही. रात्री एक नवा पोरगा, नांदेडकडचा, धावत आला. “साहेब, भिंतीपलीकडं आवाज येतोय.”

“कसला?”

“जाड हाय. घूं घूं.”

“चालू आहे की थांबून थांबून?”

त्यानं मान तिरकी करून पुन्हा ऐकलं. “चालूच हाय. पण साहेब, मधी मधी दम लागल्यावानी करतंय. आमच्या विहिरीवरच्या मोटरीत पाणी कमी पडलं की करती ना, तसं.”

जाऊन पाहिलं तर खरंच पाण्याचा पंप कोरडा चालला होता. बंद केला, मोटर वाचली. घटना एवढीच. ती कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

रजिस्टरमध्ये पोराच्या हातानं पहिली ओळ लिहून घेतली : ‘विहिरीतलं पाणी तळाला गेल्यावर मोटर दम खाते तसा आवाज.’ खाली इंग्रजी मी लिहिलं. पोरगा विचारत होता, “साहेब, असलं लिहिलं तर चालतं का?”

म्हटलं, “असलंच लिही.”